हस्तिदंताचा पलंग

"म्युझियमचा दरवाजा कुठून हो?" मालनने राणीच्या बागेच्या गेटवरल्या वॉचमनला विचारलं.

"त्या समोर पायऱ्या दिसतायत ना, तिथंच. पहिलं तिकीट काढा, मावशी."

मागे तिची नणंद आनंदी पदराने डोळा पुसत उभी होती. उजव्या डोळ्याने तिला मागच्या वर्षापासून काहीच दिसत नव्हतं. डाव्याचं ऑपरेशन सोमवारी परळच्या हॉस्पिटलात व्हायचं होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. केलं नाही तर डोळा नक्की जाणार, केलं तर राहीलच याची खात्री नाही. म्हणून तर ती देवगडकडच्या गावाहून काळाचौकीला मालनकडे आली होती. आल्या दिवशी पानावर बसल्या बसल्या म्हणाली, "वयनी, डोळो रवतलो की नाय, देवाक म्हायत. त्याच्या आधी माका मुंबय बघूची हा. दादान सांगितलली."

दादा म्हणजे मालनचा नवरा, सीताराम. कॉटन ग्रीनच्या गोदामात जन्मभर गाठी उचलून तीन वर्षांपूर्वी तो गेला.

मालनचा मुलगा मयूर खाली मान घालून म्हणाला होता, "आत्या, टॅक्सीचं नाही जमणार गं. हॉस्पिटलचं बघायचंय. बसचा पास काढा आणि दिवसभर फिरा." मग मालनने डब्यात घावणे आणि चटणी भरली, पाण्याची बाटली घेतली, आणि गिरगावात ज्या दोन घरी स्वयंपाक करायची त्यांना येत नाही म्हणून फोन केला. त्या कामाला जाताना तिची बस इतकी वर्षं याच गेटावरून जायची. मयूर लहान असताना एकदा माकडं दाखवायला ती आत आली होती, तेवढंच. म्युझियमच्या पायऱ्या ती चढली नव्हती.

आत गेल्यावर दोघी थबकल्या. उंच छत, सोनेरी नक्षीचे खांब, आणि देवळात असते तशी शांतता. मालनने नकळत चपला काढायला पाय उचलला आणि परत खाली ठेवला.

आनंदी काचेच्या एकेका कपाटाशी जाऊन नाक टेकवायची. आत वीतभर उंचीची मातीची माणसं होती, कुणी पागोटं घातलेली, कुणी डोक्यावर टोपली घेतलेली. "किती बारीक केलेली हत बघ," ती म्हणायची. "हिच्या नाकात नथ पण हा." राखणदाराने काचेला हात लावू नका म्हटलं, की हात मागे बांधून उभी राहायची, थोड्या वेळाने पुन्हा नाक काचेला.

वरच्या मजल्यावर पोचल्यावर तिने विचारलं, "वयनी, तो हस्तिदंताचो पलंग खय?"

"कसला पलंग?"

"दादा सांगायचो तो. राणीचो. मच्छरदाणेक मोती लावलेले."

मालन गडबडली. सीताराम आणि म्युझियम? रविवारी तो दुपारपर्यंत झोपायचा आणि संध्याकाळी मंडळाच्या ओट्यावर पत्ते कुटायचा. पण आनंदीचा तो पाणावलेला डोळा तिच्या तोंडाकडे लागला होता.

"तो... दुरुस्तीला नेला असेल," मालन म्हणाली.

"आणि बोलणारा घड्याळ?"

"ते बंद केलं. लोक फार गर्दी करायचे."

आनंदी गालात हसली. मग खिडकीजवळच्या बाकावर बसली आणि मालनचा हात धरून तिलाही बसवलं.

"वयनी, तू हय पयल्यांदाच इलंस मा?"

मालनने डबा मांडीवर ओढला.

"मगाशी तू वॉचमनाक दरवाजो विचारलंस. तेवाच माका समाजला."

मालनने हात सोडवून घेतला. "मग काय करू? तुझ्या दादाने मला कुठे नेलं गं? बाजार नाहीतर दवाखाना. मी एकदा म्हटलं, समुद्रावर तरी जाऊ या. तर म्हणाला, पाणीच तर आहे, त्यात बघायचं काय! आणि तुला मात्र मोत्यांच्या मच्छरदाण्या सांगत बसला."

"खोटा सांगायचो, ता माका म्हायत होता. गोदामातलो माणूस राणीचो पलंग कधी बघतलो?" आनंदी शांतपणे म्हणाली. "पण तुका एक म्हायत नाय. गणपतीच्या चवथीक एकटो गावाक इलो की रात्री खळ्यात बसान तो ह्या सांगायचो. आणि दर गजालीत तू आसायचंस."

"मी?"

"तू. मालनचे पाय दुखले, ती त्या पलंगार बसली, शिपायान उठवल्यान. मालन घड्याळाक भियाली. मालनक मी मोटरीतसून बाणगंगेक न्हेलंय, म्हणायचो. एकदा आयेन विचारल्यान, अरे, बायलेक इतक्या फिरवतंस, मग गोदामात जातंस कधी? तर लाजान उठान गेलो. माका वाटायचा, वयनी किती नशीबवान."

मालनला राग यायला हवा होता, तो आलाही. पण त्याच्या पाठोपाठ जे आलं त्याला काय म्हणावं ते तिला कळेना. कधीही न नेलेल्या जागी तो तिला वर्षानुवर्षं नेत होता. त्यातलं एक वाक्य तरी तिच्यासमोर बोलला असता तर? हसली असती ती. चालत गेली असती त्याच्याबरोबर.

तिने पदराने तोंड पुसलं. बागेत झाडाखाली बसून दोघींनी घावणे खाल्ले.

"आता खय?" आनंदीने विचारलं.

"मला तरी कुठे माहितीय? विचारत जाऊ."

विचारत विचारत त्या बाणगंगेला पोचल्या. मोटर नव्हती. बस बदलावी लागली, पुढे चढण चालावी लागली, आणि आनंदी दोनदा धापा टाकत थांबली. तलावाच्या पायरीवर बसून दोघींनी पाण्यात पाय सोडले. बदकं आली, त्यांना उरलेला घावणा टाकला.

ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर आनंदीला खिडकीचा उजेड दिसला, समोर कुणीतरी उभं आहे हे दिसलं. कोण, ते दिसलं नाही. एवढंच राहील, असं डॉक्टर म्हणाले. महिन्याभराने मयूर तिला गावी सोडून आला.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मालन डबा घेऊन एकटीच बाहेर पडू लागली. कधी चित्रांचं प्रदर्शन, जिथे तिकीट लागत नाही. कधी नुसत्याच जुन्या इमारती, बाहेरून. एकदा गिरगावच्या घरी पगार झाला त्याच आठवड्यात ती फोर्टातल्या मोठ्या म्युझियममध्ये गेली. बघून झाल्यावर बाहेरच्या हिरवळीशी येऊन तिने फोन लावला.

"सांग," पलीकडून आनंदी म्हणाली.

"दगडाची एक बाई होती. खूप जुनी. हात तुटलेले. नाकाचा पण टवका उडालाय."

"दागिने?"

मालनने डोळे मिटून आठवून पाहिलं. मोती घालता आले असते.

"गळ्यात एक हार होता. झिजलाय, नीट कळत नाही."

"मगे?"

"मग काही नाही. उभी होती. मी पण उभी राहिले, तिच्यासमोर."