बँडमास्तरच्या कोटावरचा पुदिना

रफूचं काम फार चिकाटीचं. कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे उपसायचे आणि त्याच धाग्यांनी भोक असं विणायचं, की कोटालाही आठवू नये भोक कुठे होतं. त्याला डोळे हवेत. आणि रफूवालीचे डोळे सकाळपासून नळासारखे गळत होते. नाक चोंदलेलं, कपाळ दगडासारखं जड.

समोर बँडमास्तरचा दुधाळ रंगाचा कोट. छातीवर ठिणगीने पडलेलं भोक. तो संध्याकाळी न्यायला येणार होता. काम पसंत पडलं तर साऱ्या बँडचे कोट तिच्याकडे. नाही पडलं, तर पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याकडे.

"वाफ घे," आत्याबाई म्हणाल्या. नवऱ्याची ही आत्या दुकानामागच्या खोलीत राहायची आणि प्रत्येक दुखण्यावर पुदिना सांगायची. पातेलं पुढे आलं. रफूवालीने डोक्यावर टॉवेल घेतला.

"काही होत नाही, आत्याबाई. तुमचा पुदिना नाकाच्या दारातच उभा आहे. आत यायचं नाव नाही!"

"अगं, पाहुण्यालासुद्धा चपला काढायला वेळ लागतो. धीर धर. आता डोळे मीट."

पुदिन्याच्या गार पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या मिटलेल्या पापण्यांवर बसल्या. बरं वाटलं, हे तिने कबूल केलं नाही. "झालं? सुटले का मी?" एवढंच म्हणून ती सुईकडे वळली.

धागा दिसू लागला. आडवा, उभा, वर, खाली. मधूनच डोळे भरायचे, ती चरफडायची, बाहीला पुसायची, पुन्हा विणायची. उन्हं कलली तेव्हा भोक बुजलं. आता फक्त इस्त्री. नेहमीच्या सवयीने नजर न वळवता तिने फडकं इस्त्रीशेजारच्या पाण्याच्या वाडग्यात बुडवलं, पिळलं, रफूवर पसरलं आणि वरून इस्त्री दाबली.

चर्र झालं आणि खोलीभर पुदिन्याचा घमघमाट सुटला.

"आत्याबाई! नाक उघडलं! वास येतोय!"

मग तिच्या लक्षात आलं, वास कुठून येतोय ते. तिने फडकं उचललं. छातीवर तळहाताएवढा पिवळट हिरवा डाग.

"माझ्या वाडग्यात काढा कोणी ओतला?"

"निवायला ठेवला होता. स्वयंपाकघर तापलेलं."

"तो वाडगा इस्त्रीचा आहे!"

"मग वाडग्यात बघायचं तरी! डोळे बरे केले ना मी?"

रफूवालीने कोट गार पाण्याखाली धरला, साबणाने चोळला. डाग जरा फिका झाला, पण हटला नाही. इस्त्रीने तो पक्का बसवला होता. रागाने तिला रडू फुटलं, आणि एवढ्यात बँडमास्तर दारात.

"ताई, झाला का कोट?"

तिने ओला कोट पुढे केला. "भोक बुजलंय. डाग माझ्या हातून पडला."

त्याने पाहिलं. मान हलवली. "कमाल केलीत. भोकावर बिल्ला तरी लावता आला असता. आता एवढा मोठा बिल्ला कुठून आणू?" मग कोट उजेडात धरून तो बोटाने चाचपू लागला. आतून, बाहेरून. "पण भोक होतं कुठे?"

तिने दाखवायला बोट नेलं. तिलाही सापडेना.

बँडमास्तरने कोट छातीशी धरून पाहिला. "आज मोठा ढोल मीच गळ्यात घेतो, डाग झाकला जाईल. बाकीचे कोट उद्या पाठवतो. पण ताई, इस्त्री आमची आम्ही करू."

तो कोट झटकत गेला. तिला धड हसताही येईना, धड भांडताही येईना. इतक्या वर्षांत तिच्या इस्त्रीला कोणी नाव ठेवलं नव्हतं.

"बघितलंस?" मागून आत्याबाई. "डोळे बरे झाले म्हणूनच भोक असं बुजलं. शेवटी कामाला कोण आला? पुदिनाच!"

रफूवालीने दात-ओठ खाल्ले आणि वाडगा घासायला घेतला.