सतरा क्रमांकाचा पंच

सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. हडपसरच्या आमच्या कारखान्यातील तपासणी-टेबलावर ३१२ गिअर मांडलेले होते. सर्व मोजून झाले होते; पंच मारणे आणि प्रमाणपत्रावर माझी सही एवढेच बाकी होते. ट्रक अकराला निघणार होता.

आमच्याकडे प्रत्येक तपासनिसाला स्वतःच्या क्रमांकाचा पोलादी पंच मिळतो. जो नग मोजेल त्यानेच हातोडीचा एक ठोका देऊन आपला क्रमांक उमटवावा, असा लेखी नियम आहे. प्रत्यक्षात रीत निराळी पडली होती: मोजो कोणीही, पंच शिफ्टप्रमुखाचा. शिफ्टप्रमुख जयसिंग, क्रमांक ९.

कोणत्या पंचाचे किती नग, हे प्रमाणपत्रावर लिहिलेले असते; अकरा महिने मीही त्या आकड्यांखाली सही करीत आलो होतो. परंतु खंडेनवमीला हत्यारे पूजेस मांडली, तेव्हा झेंडूखालून १७ क्रमांकाचा पंच माझ्या हाती आला. तो प्रेमलाताईंचा. डोक्यावर हातोडीची एकही खूण नव्हती. टेबलाचा मोठा भाग ज्या बाई मोजतात, त्यांचा पंच कोरा!

याच महिन्यात नव्या मोजणी-कक्षासाठी एकाची निवड व्हायची होती. निकष एकच: वर्षभरात आपल्या पंचाने पास केलेले नग. ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्याची रवानगी पॅकिंगला.

"काका, नऊ मारून घेतो, तुम्ही सही करा," जयसिंग म्हणाला.

"ज्याने मोजला, त्याचा पंच. त्याशिवाय सही नाही."

"शिफ्ट मी चालवतो. जबाबदारी माझी, तर शिक्काही माझाच. खरं तर मला याहून जास्त मिळायला हवं."

"मार्चमध्ये एक गिअर परत आला. त्यावरही नऊच होता. तेव्हा ही जबाबदारी रजेवर होती का? खुलासा ताईंकडून लिहून घेतलात."

प्रेमलाताई मध्ये पडल्या. "अहो काका, राहू द्या. काम नीट झालं, बास. आकडा कुणाचा बसतो याचं मला खरंच काही वाटत नाही."

त्या खरेच बोलत होत्या. जयसिंगला कितीही मिळो, कमीच वाटे. ताईंना काही न मिळो, चालत असे. मला मात्र दुसऱ्याच्या ताटातले कमी-जास्तही टोचते. कारखान्यात अशा माणसाला किरकिऱ्या म्हणतात.

"वाटत नाही, हा तुमचा स्वभाव झाला," मी म्हणालो. "त्याचा इतरांनी नियम करू नये. आणि मी तुमच्यासाठी भांडत नाही. खोट्या आकड्याखाली सही माझी आहे."

साडेनऊला व्यवस्थापक सलिल साहेब आले.

"काका, पाच महिन्यांनी निवृत्त होताय. आता कशाला हे?"

"पाच महिने आहेत ना अजून."

"मग सही दुसऱ्याकडून घेतो."

"जरूर घ्या. मी का नाकारली, ते प्रमाणपत्राच्या मागे लिहून देतो. अक्षर चांगलं आहे माझं, ग्राहकाला वाचायला त्रास होणार नाही."

साहेब वैतागले. नोंदवहीवर बोट आपटून म्हणाले, "आणि हे सगळं कोणासाठी? मॅडमचा वर्षाचा आकडा शून्य आहे. त्या तशाही पॅकिंगलाच जाणार."

प्रेमलाताईंनी हातातला मायक्रोमीटर डबीत ठेवला.

"शून्य कसा, साहेब? मार्चमधला परत आलेला नग आहे की माझ्या नावावर."

ताईंनी ड्रॉवरमधून आपला पंच काढला; त्याला झेंडूची सुकलेली पाकळी चिकटलेली होती. ती पुसून त्यांनी हातोडी उचलली. पहिला ठोका तिरका बसला, दुसरा सरळ.

"ताई, बरं दिसतं का हे?" जयसिंग म्हणाला.

"माझ्या चिठ्ठीचे ट्रे इकडे सरकवा. तुमचे तुम्ही मारा."

प्रत्येक ट्रेवर मोजणाऱ्याच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी असतेच; वाद घालायला जागा नव्हती. साहेबांनी घड्याळ पाहिले, दाराबाहेरचा ट्रक पाहिला आणि नोंदवही माझ्याकडे सरकवली. जयसिंगने स्वतःचे ट्रे ओढून घेतले.

पावणेअकराला मी सही केली. नोंदवहीतील त्या दिवसाची नोंद: क्रमांक ९, नग ८९; क्रमांक १७, नग २२३.