बटण, बटण, चित्र

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. माझ्या काचेला कोपऱ्यातून तडा गेला आहे आणि पाठीवरचं झाकण रबराने कसंबसं धरून ठेवलेलं आहे. तसा मी साधाच मोबाईल, पण बोलका. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना काचेवरचं सगळं वाचून दाखवणं हे माझं काम. बोट जिथे टेकेल, तिथे काय आहे ते मी मोठ्याने सांगतो. हे काम मी इमानाने केलं. तरीही माझी हकिगत सांगताना मला लाज वाटते. ती का, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून वर्ध्याच्या एका दुकानात आलो आणि बरेच दिवस काचेच्या कपाटात पडून राहिलो. एके दिवशी हिंगणीचे कैलासभाऊ आपल्या बहिणीला, उज्वलाताईला, घेऊन दुकानात आले. ताईची नजर लहानपणीच गोवराच्या तापात गेली होती. दुकानदाराने माझी बोलायची सोय सुरू केली. माझा पहिला शब्द ऐकून ताई एवढी हसली, की दुकानातली माणसं वळून बघू लागली.

हिंगणीत माझे दिवस मजेत गेले. कैलासभाऊंच्या मळ्यात वांगी, मिरची, कोथिंबीर असे. सेलूच्या बाजारात आज काय भाव आहे, हे ताई माझ्याकडून ऐकून घ्यायची आणि घरात सांगायची. हळूहळू शेजारीपाजारी येऊन विचारू लागले, "उज्वलाताई, मिरचीले काय भाव हाये आज?" ताईची वहिनी देवकाबाई सुरुवातीला मला हसायची. "हे डबडं नाकातून बोलते," म्हणायची. पण पुढे तीच माहेरचे निरोप माझ्याकडून वाचून घेऊ लागली. माझ्या काचेवर ताई उजेड ठेवत नसे. तिला त्याची गरज नव्हती आणि बॅटरीही टिकायची. मी अंधारात असायचो, पण घरात माझा मान होता.

मग तो हिवाळा आला. अंघोळ करताना ताईच्या हाताला छातीत एक गाठ लागली.

तिने कोणाला सांगितलं नाही. दुपारी घरची माणसं मळ्यात गेली, की ती मला घेऊन मागच्या पडवीत बसायची. वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या तपासणीसाठी नंबर लावायचा, तर तो आरोग्यसेवेच्या वेबसाइटवरूनच लावावा लागे. ताईने ते पान उघडलं आणि बोट फिरवलं.

मी म्हणालो, "बटण."

तिने बोट पुढे सरकवलं. मी म्हणालो, "बटण." मग, "चित्र." मग पुन्हा, "बटण."

"अरे, पण कायचं बटण?" ताईने मलाच विचारलं.

मित्रांनो, मला ते ठाऊक नव्हतं. डोळसांसाठी तिथे रंगीत चित्रं काढली होती. डॉक्टर, कॅलेंडर, पाकीट. पण त्या चित्रांमागे माझ्यासाठी एक शब्दही कोणी लिहिला नव्हता. जे लिहिलंच नाही ते मी वाचणार कुठून? अंदाजाने ताई एक-दोन पायऱ्या पुढे गेली, की मी सांगायचो, "चित्रात दिसणारी अक्षरे भरा." ती अक्षरं तिला दिसत नव्हती आणि मलाही वाचता येत नव्हती. ती चाचपडत असतानाच मी म्हणायचो, "वेळ संपली." मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बरेच दिवस असं चाललं. प्रत्येक वेळी ती मला पदराने पुसून पिशवीत ठेवायची. ती माझ्यावर रागावली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटी ती गावातल्या ऑनलाइन सेवा केंद्रात गेली. तिथला हिरालाल मनाने चांगला माणूस, पण त्याचा आवाज मोठा. सातबाऱ्यासाठी आलेली माणसं बाकावर बसली होती.

"ताई, हे विचारून राह्यले, तक्रार कायची हाये?"

ताई हळूच काहीतरी बोलली. शेजारच्या छपाईयंत्राची खरखर चालू होती.

"छातीत गाठ? कोन्या बाजूले?" हिरालालने विचारलं.

बाकावरचं बोलणं एकदम थांबलं. मी ताईच्या मुठीत होतो. तिने मला पटकन पिशवीत टाकलं. "राहू दे भाऊ, मंग येतो," एवढंच म्हणून ती काठी टेकत बाहेर पडली. तिची काहीच चूक नव्हती, तरी मान तिने खाली घातली. वाटेत माझ्या मनात एकच विचार होता. जे मी फक्त तिच्या कानात सांगायला हवं होतं, ते अख्ख्या गावासमोर बोललं गेलं. मी जवळ असूनही तिच्या उपयोगी पडलो नव्हतो.

त्यानंतर तिने नंबर लावायचा नादच सोडला. गाठ मात्र जागची हलली नाही. संक्रांत उलटली, तेव्हा नळावर कोणाच्या तरी तोंडून देवकाबाईच्या कानावर गोष्ट गेली. ती भरलेली घागर तशीच सोडून घरी आली.

"मले काऊन नाई सांगतलं? लोकाईच्या तोंडून ऐकावं लागलं मले!"

"वैनी, पहिले माह्यं मले समजू दे म्हटलं. मंग तुले सांगणारच होती."

देवकाबाई थोडा वेळ रडली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने दोघी वर्ध्याला गेल्या. मी पिशवीत होतोच. नंबर नव्हता, पण देवकाबाई खिडकीपाशी अडून बसली, तेव्हा आत सोडलं. डॉक्टरबाईंनी तपासलं, गाठीचा तुकडा तपासणीला पाठवला आणि विचारलं, "इतके दिवस अंगावर का काढलंत?"

"मॅडम, नंबरच लागत नोता."

"हे वर ऑफिसात जाऊन सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इथे नुसतं बोलून उपयोग नाही."

वर वेबसाइटचं काम बघणारे साहेब प्रभाकरराव आणि ती तयार करणारी गुंजन नावाची मुलगी बसली होती. साहेबांनी ताईला आदराने खुर्ची दिली, पण म्हणणं काही मानलं नाही. "आमची साइट तर अगदी सोपी आहे हो. सगळे तिचं कौतुक करतात. तुमच्या मोबाईलमध्येच काही बिघाड असेल."

हे ऐकून मला कुठे तोंड लपवू असं झालं. ताईने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं.

"मंग तुमीच नंबर लावून दाखवा, साहेब. बिघाड असन तर समजनच."

गुंजनने मला हातात घेतलं. काच काळी होती. तिने उजेड सुरू करायला हात नेला आणि मध्येच थांबवला. काय मनात आलं कोण जाणे, तिने तशीच काळ्या काचेवर बोट टेकवलं.

मी म्हणालो, "बटण. बटण. चित्र. बटण."

गुंजन पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिली. तिनेच बांधलेलं पान, पण तिला त्यात वाट सापडेना. मग मी म्हणालो, "वेळ संपली." गुंजनचे कान लाल झाले होते.

"साहेब, मोबाईल ठीक आहे," ती म्हणाली. "हे मी असं बनवलंय. मी ते कधी ऐकलंच नाही."

प्रभाकररावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ त्यांनी तो पुन्हा घातला नाही.

त्यानंतर गुंजन सुट्टीच्या दिवशी हिंगणीला येऊ लागली. दुरुस्त केलेलं पान मी वाचायचो, ताई ऐकायची आणि गुंजन पुढच्या चुका टिपायची. पहिल्या खेपेला तिने भीतीपोटी प्रत्येक चित्राचं लांबलचक वर्णन लिहून आणलं. मी आपला वाचत सुटलो, "हार घातलेल्या मान्यवरांचे छायाचित्र, मागे निळा पडदा, पडद्यासमोर समई..." ताई हसून म्हणाली, "बाई, मले नंबर लावाचा हाये, हळदीकुंकवाले नाई जायाचं!" गुंजनलाही हसू आलं. मग कामाचे नेमके शब्द आले, "नंबर लावा", "अहवाल पाहा", "मागे जा". चित्रातली अक्षरं गेली आणि त्यांच्या जागी मोबाईलवर येणारा आकडा भरायची सोय झाली. वेळही वाढवून मिळाली. शेजारचे कवडूबाबा हे सगळं बघत बसत. त्यांचे हात थरथरायचे. त्यांनी सांगितल्यावर बटणंही मोठी झाली.

गाठीच्या तपासणीचा अहवाल वेबसाइटवर आल्याचा निरोप आला, त्या दुपारी ताईने स्वतः वेबसाइट उघडली. घरात कोणी नव्हतं. तिने मला कानाला लावलं आणि आवाज अगदी लहान केला. मी वाचू लागलो. नाव, वय, तारीख. आणि मग, "कर्करोगाची चिन्हे आढळली नाहीत." तिने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. नंतर पुन्हा एकदा. मग काठी घेऊन ती मळ्याच्या वाटेला लागली आणि बांधावरूनच तिने हाक मारली, "वैनी वं! आता सांगतो तुले, आइक!"

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

पुढे माझी बॅटरी फुगू लागली आणि ताईला नवा मोबाईल मिळाला. गुंजनने मला मागून घेतलं, बॅटरी बदलली आणि ऑफिसच्या टेबलावर जागा दिली. नियम असा ठरला, की नवं पान माझ्याकडून वाचून घेतल्याशिवाय लोकांसमोर जायचं नाही. तो नियम काही महिने चालला. नंतर घाई वाढली. "या वेळेपुरतं जाऊ दे," असं म्हणता म्हणता मी टेबलावरून खणात गेलो. वर रिकामी पाकिटं साचली.

परवा अचानक खण उघडला. गुंजनने मला चार्जिंगला लावलं आणि नवं पान माझ्यावर उघडलं. दिव्यांगांना प्रमाणपत्र देण्याच्या शिबिराची सूचना होती ती. सेलूच्या एका अंध गृहस्थांना ती वाचता आली नाही आणि त्यांचं शिबिर हुकलं, असा फोन आला होता.

मी वाचलं, "चित्र." पुढे काहीच नव्हतं. कोणीतरी कागदाचा फोटो काढून चिकटवला होता.

मला गुंजनची लाज वाटली आणि माझीही. तिने त्या गृहस्थांना फोन लावला, माफी मागितली, पुढच्या शिबिराची तारीख सांगितली. मग ती संपूर्ण सूचना शब्द न् शब्द टंकू लागली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या अशी पानं बनवाल, म्हणून एवढंच मागतो. मला जुना म्हणा, डबडं म्हणा. हवी तेवढी नावं ठेवा, मी ऐकून घेईन. पण त्याआधी तुमच्या बटणांना नावं ठेवा.