जवारीचा पहिला घास

मी कॉफी दळणारा ग्राइंडर. बोलतोय खरा, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. उद्या माझी मोटर पुन्हा सुरू करून पाहणार आहेत, आणि मला या घरातल्या एका बोटाची धास्ती वाटते.

घरात ठेवावं असं माझं अंगच नाही. वर्ध्याहून सेवाग्रामला जाणाऱ्या रस्त्यावर एक कॉफीचं दुकान होतं, तिथला मी. डॉक्टर होऊ घातलेली पोरं परीक्षेच्या दिवसांत माझ्या जिवावर जागायची. दुकान बंद पडलं आणि अश्विननं मला घरी आणलं. अश्विन एका कचेरीत कारकून आहे. दिवसभर फायली, संध्याकाळी मोबाइलवर कॉफीचे व्हिडिओ. माणसाला वेड लागलं की तो घरच्यांना विचारत नाही, नुसतं सांगतो.

"एवढं धूड काऊन आणलं जी?" त्याची बायको नंदिनी म्हणाली. "आपल्या घरी तं सारे चहाच पेतात."

"थांब तं खरं. याच्या चकत्या बदलून राह्यलो मी. मंग चव पाहाजो."

चकत्या म्हणजे माझे दात. पोटात दोन दातेरी पोलादी चकत्या असतात, एक स्थिर आणि एक गरगर फिरणारी. दाणा त्यांच्यामध्ये सापडला की त्याचं पीठ होतं. माझ्या जुन्या चकत्या झिजून बोथट झाल्या होत्या. बंगळूरहून नव्या आल्या, चांगल्या महागातल्या. हाताळताना अश्विनच्या अंगठ्याची साल निघाली, तर तो खूश होऊन हसला. मी मात्र भ्यालो. आजवर मी कुणाला ओरखडासुद्धा काढला नव्हता.

रविवारी दुपारी त्यानं मला जेवणाच्या टेबलावर उघडलं. जुन्या चकत्या निघाल्या, नव्या बसल्या. दाणे भरायचं वरचं भांडं त्यानं काढलं, आणि त्याखालची जाळीही. कुणाचं बोट आत जाऊ नये म्हणूनच ती असते. "दाणे अटकतात इथं," असं पुटपुटत त्यानं ती फळीवर टाकली. माझा घसा उघडा पडला.

मग चकत्या एकमेकींना जेमतेम लागणार नाहीत इतक्या जवळ आणून त्यानं बटण दाबलं. मी दोन-चार फेरे फिरलो असेन, तोच लाइन गेली.

आमच्याकडे वीज जाण्यात नवल नाही. "डीपीपाशी पाहून येतो," म्हणत अश्विन रस्त्यावरच्या विजेच्या पेटीकडे गेला. बटण मात्र चालूच राहिलं. हे मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं?

तेवढ्यात सीताबाई आल्या, अश्विनची आई. त्यांचं तरुणपण समुद्रपूरकडच्या खेड्यात जात्यावर गेलेलं. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावतात, म्हणजे ठोकून खरबरीत करतात. त्यानंतरचं पहिलं दळण जवारीचं काढून गाईपुढे टाकायचं, म्हणजे दगडाची कच निघून जाते. सीताबाईंनी वाकून माझे नवे दात पाहिले.

"नवी टाकी हाय बापा. जवारी देल्याबिगर कसं चालन?"

मूठभर जवारी माझ्या घशात पडली. जात्याच्या तोंडात वैरण, म्हणजे मूठमूठ दाणे, घालून घालून तयार झालेला तो हात. दाणे वरच थबकले, तेव्हा सवयीनं त्या ते बोटानं आत दाबू लागल्या. लाइन नव्हती, मग त्यांना भीती कसली?

भीती मला होती. ते बारीक, सुरकुतलेलं बोट माझ्या दातांपासून तांदळाच्या दाण्याएवढं दूर होतं. लाइन कधीही आली असती. बाई, हात काढा, हात काढा, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो. आपण मोडके असतो तर बरं झालं असतं, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

छताचा पंखा हलला. लाइन आली.

मी एक हिसका घेतला. अर्धाच फेरा, पण नखाचं टोक कातडीसकट गेलं. आणि तिथेच मला जवारीनं धरलं. इतक्या जवळ आणलेल्या चकत्यांत ते टणक दाणे गच्च बसले होते. मोटर जोर लावत होती, मी गुरगुरत होतो, तापत होतो, आणि हे दाणे सुटू नयेत एवढंच मागत होतो. सीताबाईंनी हात ओढून घेतला. जळका वास सुटला. नंदिनी धावत आली आणि तिनं पिन उपसली.

"काय केलं माय हे! नव्या चकत्या होत्या!" अश्विन आला तो थेट माझ्यावर वाकला. मग त्याला टेबलावरचं रक्त दिसलं. आईचा हात दोन्ही हातांत धरून तो खाली बसला.

"लाइन नोती ना रे," त्या म्हणत होत्या. "मले काय मालूम?"

आता माझी जळलेली मोटर रिवाइंडिंग होऊन, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून, आली आहे. जवारीचा दाणा न् दाणा खरवडून काढलाय. जाळी अजून फळीवरच आहे.

"पह्यले जाळी लावा," नंदिनी रोज म्हणते.

"दाणे अटकतात वो त्यानं. मी पिन काढतो ना आता."

काढतो खरा. पण आठवण राहील तोवर. आणि सीताबाई रोज सकाळी पदरानं माझं तोंड पुसतात, त्याच पट्टी बांधलेल्या बोटानं. आपल्या बोटावरून घरात वाद नको, असं त्यांना वाटतं. मी मात्र त्या पट्टीकडेच पाहत राहतो.

अश्विन, दाणे अडकले तर अडकू दे, पण ती जाळी लाव. आणि लावणार नसशील, तर माझ्या घशात मूठभर जवारी राहू दे.