राखणीच्या माळ्याचं मचाण झालं

मी माळा. घरातला नव्हे, रानातला. ज्वारीची राखण करायला चार मेढींवर उभा करतात ना, तो. बोलतोय खरा, पण भीत भीत बोलतोय. माझा एक डोळा तुमच्याकडं आहे आणि दुसरा समोरच्या हिरव्या पट्ट्याकडं. तिकडं काही हललं की माझं बोलणं मध्येच थांबेल. तेवढं सांभाळून घ्या.

सोलापूरजवळच्या मंद्रूपच्या पुढं चनबसप्पांचं रान आहे. खाली काळी जमीन आणि वर मुरमाड पट्टा. या दोन्हींच्या सांध्यावर त्यांनी मला उभा केला. बाभळीच्या मेढी, त्यावर आडवी लाकडं, तुराट्यांची बैठक आणि डोक्यावर कडब्याचं छप्पर. सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं केलं. शेवटची गाठ मारून ते वर चढले, दणादणा नाचले आणि खाली उभ्या असलेल्या बायकोला म्हणाले, "सुंदरम्मा, ये की वर! धरतंय बघ."

"तुमीच नाचा तितं," असं म्हणून सुंदरम्मा भाकरीचं फडकं बांधाला ठेवून घरी गेल्या. माझ्यावर त्यांचा कधीच भरवसा बसला नाही, आणि खरं सांगायचं तर माझा स्वतःचाही नव्हता.

मी जन्माचा भित्रा. वारा सुटला की माझं सगळं अंग करकरतं. वाळवीच्या नुसत्या आठवणीनं मला कापरं भरतं. तरीही आप्पा वर असले की मला धीर वाटायचा. चनबसप्पांना सगळे आप्पाच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. थंडीच्या दिवसांत ज्वारी दाण्यावर आली की ते पहाटे येऊन बसायचे. अंगावर काळंभोर घोंगडं, खाली पांढरं धोतर, हातात गोफण. गोफणीचा आवाज झाला की पाखरांचे थवे भुर्रकन उठायचे.

मुरमाड पट्ट्यावरून काळवीट यायचे. पुढं तो मोठा नर असायचा, पाठ काळी कुळकुळीत आणि पोट पांढरं. मागं भुरक्या माद्या. आप्पांचा नेम लई चांगला, पण हरणांवर त्यांनी कधी दगड सोडला नाही. नुसतं घोंगडं झटकायचे आणि म्हणायचे, "पुरं आता. खाल्लं तेवढं बास की." हरणं दोन उड्या मारून लांब उभी राहायची आणि पुन्हा हळूहळू जवळ यायची. पुढं पुढं तर ती आप्पांना बुजेनाशी झाली. ते बांधावरून चालत गेले तरी मान वर करून बघायची नि परत चरायला लागायची.

मग आप्पांचे गुडघे धरले. शिडी चढणं सुटलं. ज्वारी वाट्यानं दिली, आणि वाटेकऱ्याला माळ्यावर बसायचा कंटाळा. छप्पर उडालं, बैठकीतून आभाळ दिसायला लागलं. एखादा होला येऊन बसायचा, तेवढीच सोबत. अशा दिवसांत माणसाला वाईट वाटतं म्हणे. मला नुसती भीती वाटायची, की कुणीतरी येईल आणि मला सरपणाला नेईल.

कुणीतरी आलंच. आप्पांचा मुलगा, सोमशेखर.

सोमशेखरचं सोलापुरात नवी पेठेत कापडाचं दुकान आहे. माणूस हौशी आणि बोलायला गोड. कुणी "वा!" म्हटलं की अंगावरचा सदरा काढून देईल असा. त्याच्या मोबाईलवर त्यानं काहीतरी पाहिलं होतं. परदेशातले लोक म्हणे आपल्या खाजगी रानात हरणांसाठी मुद्दाम हिरवं पेरतात, पाणी ठेवतात, उंच मचाण बांधतात. तसं करायला आपली जागा दाखवायला तो एका पाहुण्याला घेऊन आला. पाहुणा म्हणजे त्याचं मोठं गिऱ्हाईक. बूट चकचकीत, नजर सारखी लांबवर. त्यानं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "जागा फर्स्टक्लास आहे, सोमशेखरजी. फक्त जमीन सुधारून घ्या."

आणि जमीन सुधारली. काय थाटात सुधारली म्हणता! तलावातला गाळ आणून मुरमाड पट्ट्यावर पसरला. रोटाव्हेटर फिरला. लसूणघास पेरला, कडेनं मटकी टाकली. तुषार सिंचनाचे पाइप आले. ओंजळभर कुसळं उगवायची मारामार, तिथं डोळे निवतील असा हिरवागार घास डुलायला लागला. बाजूला पाण्याचा हौद बांधला. गोठ्यातल्या गाईंना ठेवतात तशी मिठाची चाटण वीट आणून दगडावर ठेवली. माझ्या आणि घासाच्या मधल्या बाभळी मात्र तोडून टाकल्या. त्या का तोडल्या, ते मला तेव्हा कळलं नाही.

मलाही नवं रूप आलं. लोखंडी शिडी, फळ्यांची बैठक, भोवती हिरवी शेडनेट. मेढी सिमेंटमध्ये गाडल्या आणि सांधे तारेनं आवळले. "आवाज व्हायला नको," पाहुणा म्हणाला होता. माझी करकर कायमची बंद झाली. नावसुद्धा बदललं. सोमशेखर मला आता मचाण म्हणायला लागला.

आप्पा काठी टेकत बघायला आले, आणि त्या हिरव्या पट्ट्यासमोर उभेच राहिले.

"सोमू, हे कुणाला रं?"

"हरणांला, आप्पा. उन्हाळ्यात तडफडत्यात की बिचारी."

"व्हय?" आप्पांचे डोळे भरून आले. "माज्या डोक्यात कंदी आलं न्हाय बघ. आमी नुसतं हाकलत बसलो. शिवा, शिवा! लई पुण्याचं काम केलंस."

सोमशेखरनं खाली बघितलं. "पण तुमी तिकडं जाऊ नका हां. मानसाचा वास लागला की बुजत्यात ती."

"न्हाय जात बाबा. मी कशाला बुजवू त्यास्नी?"

त्या दिवसापासून आप्पा गावात भेटेल त्याला सांगत सुटले, माझ्या सोमूनं मुक्या जनावरांसाठी रान पेरलंय म्हणून. मीही खुळा. मलाही ते खरंच वाटलं.

मग एकदा शेडनेटला पुढच्या बाजूनं कात्रीनं आडवी फट पाडली गेली. पाहुण्यानं एक लांब पिशवी उघडली आणि त्यातून काढलेली बंदूक त्या फटीत टेकवून पाहिली. तिचं तोंड बरोबर घासाच्या मधोमध होतं. तोडलेल्या बाभळींचा अर्थ मला त्या क्षणी कळला. माझ्या लाकडातला उरलासुरला ओलावा सुकला म्हणा.

"कायद्यानं बंदी हाय की हो याला," सोमशेखर हळूच म्हणाला.

"तुमची जमीन, तुमचा घास. कोण बघायला येतंय?" पाहुणा हसला. "तुमची आमची दोस्ती आहे, का नुसतं दुकानापुरतं बोलता?"

सोमशेखरच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडंसुद्धा शिजलं नाही. पण नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्यानं मान डोलावली. दिवस ठरला तो वेळ अमावस्येचा, म्हणजे रानाला नैवेद्य दाखवायच्या सणाचा. त्या सकाळी आमच्याकडची सगळी रानं ओस असतात. बायका भाज्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे, आंबील करण्यात गुंतलेल्या, गडीमाणसं बैलं धुण्यात. ऊन वर आलं की मगच सगळे गाड्या जोडून रानात यायचे. तोवर काम उरकेल, असा हिशेब होता.

वेळ अमावस्येला आमच्या भागात चर शिंपतात. आंबील नि उंड्यांचा नैवेद्य घरातला कर्ता माणूस डोक्यावर घोंगडं घेऊन सगळ्या रानाला शिंपडतो. मोठ्यानं आरोळी देतो. रानाचा एक कोपराही उपाशी राहता कामा नये, असा रिवाज आहे.

त्या सकाळी धुकं दाट होतं. सोमशेखर आणि पाहुणा अंधार फिटायच्या आत येऊन वर बसले. माझ्या फळ्यांना सोमशेखरच्या पायांचा कंप कळत होता. हळूहळू उजाडलं. धुक्यातून माद्या आल्या आणि घासाला तोंड लावून चरायला लागल्या. मी मनातल्या मनात ओरडत होतो, पळा गं, पळा. लाकडाचं मनातलं ओरडणं कोण ऐकणार?

मग माद्यांच्या पलीकडं धुक्यात काहीतरी काळं हललं. पाठ काळी, खालून पांढरं.

"आला!" पाहुणा पुटपुटला. "नर. पण शिंगं दिसत नाहीत."

"मान खाली घातलीय त्यानं," सोमशेखर म्हणाला. "चरतोय."

"घ्या मग." पाहुण्यानं बंदूक त्याच्या हातात दिली. "रान तुमचं. पहिला मान मालकाचा."

मी मात्र ओळखलं होतं. ते डावा पाय ओढत चालणं मी ओळखणार नाही तर कोण? आप्पा होते ते. डोक्यावरून घोंगडं, हातात आंबिलीचं गाडगं, आणि दर दोन पावलांना वाकून घासावर शिंतोडे टाकत होते. तिकडं जात नाही म्हणाले होते खरे, पण लेकाच्या पुण्याच्या कामाला नैवेद्य चुकायला नको, म्हणून घरच्यांच्या आधी एकटेच आले होते. आरोळी द्यायचा रिवाज, पण ते ओठातल्या ओठात बोलत होते. हरणं बुजू नयेत म्हणून. आणि हरणंही त्यांना बुजत नव्हती. ती त्यांच्या भोवती निवांत चरत होती, आणि म्हणूनच वरून बघणाऱ्याला संशय यायला जागा नव्हती.

भीती म्हणजे काय ते मला त्या वेळी कळलं. वाऱ्याची, वाळवीची भीती पोरखेळ होती. मी सगळा जीव एकवटला. एक मेढ तरी हलावी, एक फळी तरी वाजावी. पण सिमेंटनं माझे पाय धरले होते आणि तारेनं सांधे. मी मुका उभा राहिलो.

बार झाला.

माद्या उधळल्या. गाडगं फुटल्याचा आवाज आला. आणि धुक्यातून माणसाची किंकाळी आली, "अय्यो, यप्पा!"

सोमशेखरच्या हातातली बंदूक गळून पडली. हा आवाज त्याला जन्मापासून माहीत होता. शिडीवरून तो कसा उतरला, उतरला की पडला, मला सांगता येणार नाही. तो घासातून पळत सुटला. पाहुण्यानं बंदूक उचलली, पिशवीत भरली आणि उलट्या बाजूनं गाडी गाठली.

आप्पा घासात पडले होते. गोळी मांडीला लागली होती, पांढरं धोतर लाल होत चाललं होतं. धुक्यातून धावत येणारा सोमशेखर त्यांना दिसला आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"सोमू! तू हितं कसा? खाली बस! खाली बस म्हन्तो की!"

"आप्पा..."

"माळ्यावर कोनतरी हाय. बंदूक हाय त्याच्यापाशी." त्यांनी लेकाचा सदरा धरून त्याला खाली ओढलं, आपल्या अंगावरचं घोंगडं त्याच्या डोक्यावर टाकलं आणि दुखऱ्या पायानिशी फिरून माझ्याकडं पाठ केली. त्यांचं सगळं अंग आता माझ्या आणि लेकाच्या मध्ये होतं. "मुंडकं वर काढू नगं. मला लागलं ते लागलं. तुला लागायला नगं."

घोंगड्याखालून सोमशेखरचा नुसता घुसमटलेला आवाज येत होता. आप्पा त्याची पाठ थोपटत होते. "भिऊ नगं. मी हाय."

पुढचं तुम्ही ऐकलं असेल. सोलापूरला दवाखान्यात नेलं, जीव वाचला. कुणी अनोळखी शिकारी होता असं सोमशेखरनं सगळ्यांना सांगितलं, आप्पांनासुद्धा. वनखात्याची माणसं येऊन गेली. पाहुणा पुन्हा फिरकला नाही. सोमशेखरनं मला तोडायला कुऱ्हाड आणली होती, तेव्हा मला भीती वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं. पण आप्पांनी त्याचा हात धरला.

"तोडू नगं. त्यो मानूस परत यील. हरणं हितं यायला शिकल्यात, त्यास्नी आता कसं सांगणार? माज्यानं चढवत न्हाय. तू बस वर. राखन कर."

म्हणून हल्ली सोमशेखर दुकान उघडायच्या आधी इथं येतो आणि माझ्यावर बसतो. शेडनेट काढून टाकली आहे. हातात काही नसतं. खाली आप्पा कुबड्या टेकून दगडावर बसलेले असतात. हरणं येतात, चरतात. मला रोज वाटतं, आज हा बोलेल आणि आज आप्पांचं काळीज फाटेल. कधी वाटतं, हा कधीच बोलणार नाही, आणि ते तर त्याहून भयंकर. तुमच्यापैकी कुणी या वाटेनं आलात, तर मला मोडून न्या. चुलीत घाला, माझी काही तक्रार नाही. मला हे ओझं पेलवत नाही.

थांबा, तिकडं काहीतरी हललं. हरणंच आहेत. खालून आप्पांनी मान वर केली आहे.

"सोमू, दिसतोय का रं त्यो कुटं?"

माझ्या फळ्या थरथरतात.

"न्हाय, आप्पा. कोनच न्हाय."