थोरले गायब झाले त्या दिवशीची काच

मी काच बोलतेय. आयुष्यभर लोक माझ्यातून पलीकडचं बघत आले, आज जरा माझ्याकडे बघा. मी सांगते त्यात तिखटमीठ असेल. खोटं असलंच, तर माझ्याइतकंच पातळ.

जन्म भट्टीतला, घराणं तापट. पहिली नोकरी दातांच्या डॉक्टरांकडे, मासे ठेवायच्या पेटीची पुढची भिंत म्हणून. एका बाजूला गाल धरून बसलेली माणसं, दुसऱ्या बाजूला तोंडाची उघडझाप करणारे मासे. कोण कोणाला बघायला आलंय, ते अकरा वर्षांत मला कळलं नाही. एक जाडा मासा रोज माझ्यावर तोंड टेकवून सूचना करायचा. मी मुकाट ऐकून घ्यायचे. अंमल कशाचाच झाला नाही.

पुढे पेटी गळायला लागली. डॉक्टरांच्या भाचीने मला चादरीत गुंडाळून आपल्या ऑफिसात नेलं. ही भाची म्हणजे ताई. तिचं वेबसाइट बनवायचं ऑफिस होतं: दोन खोल्या आणि माणसं तीन. एक ताई स्वतः, दुसरी चित्रवाली, तिसरा कोड लिहिणारा. त्याला सगळे पंडित म्हणत, कारण तो कशालाही लगेच हो म्हणत नसे.

तिघांना काम येत होतं. अडायचं ते गिऱ्हाइकाचं म्हणणं समजून घेताना.

“ते निळं जरा वर घ्या,” फोनवरून गिऱ्हाईक म्हणायचं.

“कुठलं निळं?”

“अहो, तुम्हीच केलंय ते.”

एका गिऱ्हाइकाने तर ऑफिसात येऊन नव्या मॉनिटरवरच मार्करने फुली मारली. ती निघेना. तेव्हा ताईने मला मॉनिटरपुढे उभं केलं आणि सांगितलं, “ज्याला जे दाखवायचंय त्याने हिच्यावर गोल काढावा. पंडित बघून दुरुस्त करील.” मी खूश. माशांनंतर पहिल्यांदाच कोणीतरी मला काही सांगत होतं, आणि ते होतही होतं.

मग आले गादीवाले भाऊ.

थोरले आणि धाकटे, दोघांचं मिळून एकच दुकान. थोरल्यांचं काम झोपायचं. दुकानातली प्रत्येक गादी ते स्वतः दोन तास झोपून तपासत. बावीस वर्षं त्यांनी हे काम इमानाने केलं, एकही सुट्टी घेतली नाही. धाकटे जागे राहून विक्री बघत. वेबसाइटच्या पहिल्या पानावर थोरल्यांचा गादीवर झोपलेला फोटो होता. चित्रवालीने हौसेने त्याच्या वर एक मांजर टाकलं होतं आणि खाली तेच मांजर पाठमोरं.

धाकटे खुणा करायला आले. वरच्या मांजराभोवती गोल काढून त्यांनी लिहिलं, “हे काढा.” खाली थोरल्यांच्या फोटोकडे बाण काढून लिहिलं, “हे भरपूर मोठं करा.” मग उठताना त्यांचं कोपर माऊसला लागलं आणि पान एका चित्राएवढं वर सरकलं.

पान सरकलं. मी कशी सरकणार? मी आपली जागच्या जागी. माझा गोल आता थोरल्यांवर होता आणि बाण मांजराच्या पाठीवर. मला सगळं दिसत होतं हो. पण काचेला बोलता येतं हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, मलासुद्धा.

पंडित चहा घेऊन आला. त्याने खुणा वाचल्या, त्या दिवशी नेमकी एकही शंका काढली नाही, आणि थोरल्यांना काढून टाकलं. मांजराची पाठ एवढी मोठी केली की साध्या फोनवर शेपटीच्या टोकाला पोचेपर्यंत अंगठा दुखायचा. काम झालं म्हणून त्याने मला ओल्या फडक्याने पुसलं. वेबसाइट दुपारी सुरू झाली.

थोरल्यांनी ती झोपेतून उठून पाहिली. गादी होती, उशी होती, ते नव्हते.

“मला काढलं,” ते धाकट्यांना म्हणाले. “आणि माझ्या जागी मांजराचा मागचा भाग.”

“दादा, मी उलट सांगितलं होतं.”

“दाखव कुठे सांगितलंस.”

काय दाखवणार? मी तर लख्ख पुसलेली. थोरले घरी गेले आणि लाकडी बाकावर जाऊन पडले. गादी घालू देईनात. रविवारी दुकानाची वाटणी करायची, असा निरोप त्यांनी धाडला. धाकट्यांनी जेवण सोडलं. दुकानात गाद्या न तपासता पडून राहिल्या.

ताई फोटो परत लावायला गेली, तर थोरले म्हणाले, “लावू नका. मी कुठे असावं हे मी स्वतः सांगेन. मध्ये कोणी नको.”

झालं. रविवारच्या आत टूल निवडायचं ठरलं: वेबसाइटवर थेट बोट ठेवून म्हणणं मांडता यावं असं. बाजारात अशी टूलं पोत्याने पडली होती. चित्रवालीला देखणं हवं होतं, पंडितला शंभर सोयींचं.

“आपण माणसं तीन,” ताई म्हणाली. “शंभर सोयी वापरायला सत्याण्णव माणसं कुठून आणू? रुसलेल्या माणसाला पडल्या पडल्या वापरता आलं पाहिजे, बस.”

शनिवारी तिघं लॅपटॉप घेऊन थोरल्यांच्या बाकापाशी हजर. मलाही नेलं, आरोपी म्हणून.

पहिल्या टूलने आधी खातं उघडायला लावलं. मग पासवर्ड. मग तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा, सायकली असलेली चित्रं निवडा.

“स्टँड दिसतंय ते सायकलीत धरायचं का?” थोरल्यांनी विचारलं. पंडितलाही सांगता येईना. तीनदा चुकल्यावर थोरले म्हणाले, “फोटोतून काढलंत, आता माणसांतूनही काढा.”

दुसरं टूल बोललेलं टिपून घेई. थोरले पावणेदोन तास बोलले, पाळण्यापासून सुरुवात करून. पंडितने सगळं ऐकलं. त्याचे डोळे भरून आले, पण वेबसाइटवर नेमकं काय बदलायचं ते शेवटपर्यंत समजलं नाही.

तिसरं टूल दिसायला अगदीच साधं. लिंक उघडायची, हवं तिथे टिचकी मारायची, लिहायचं. खातं नाही, सायकली नाहीत. खूण ज्या वस्तूवर केली तिलाच चिकटून राही. पंडितने पान वर नेलं, खाली नेलं, लॅपटॉपवरून फोनवर आणलं, तरी ती वस्तूसोबत हलत राहिली. कोणी केली, कधी केली, कोणत्या फोनवरून, सगळं नोंदलेलं. माझ्याच्याने हे कधी झालं नसतं. कबूल करते, मला हेवा वाटला.

थोरल्यांनी रिकाम्या गादीवर टिचकी मारली आणि लिहिलं, “इथे मी होतो.”

धाकटे दुकानात फोनवर तीच लिंक उघडून बसले होते. खाली लगेच उत्तर आलं, “दादा, मांजर काढायचं होतं.”

“खोटं.”

“शप्पथ. पान सरकलं असणार. मी उठताना काहीतरी लागलं होतं कोपराला.”

“कोपर कशाला पसरतोस? लहानपणी झोपेत पण मारायचास.”

“एकाच अंथरुणात झोपायचो. जागा कुठे होती?”

“मी तुला भिंतीकडची दिली होती.”

मग आलं, “हो. दिली होतीस.”

अशी त्या एका गादीवर संध्याकाळपर्यंत दोनशे बारा उत्तरं जमली. समोरासमोर बोलायला दोघांची तोंडं उघडत नव्हती, टिचक्या मात्र थांबेनात. पंडितच्या यादीत ते सगळं एकच काम म्हणून नोंदलं गेलं. शेवटी थोरल्यांनी लिहिलं, “मांजर राहू दे. लहान करा. मला जरा उजवीकडे घ्या म्हणजे त्यालाही जागा होईल.” मग त्यांनी बाकावरून हाक मारली, “ताई, माझी चप्पल कुठाय? दुकानात जायचंय.”

वाटणी टळली. टूल ठरलं. मी रिकामी झाले.

निघताना थोरल्यांनी मला उचललं. “हीच ना ती?” मला वाटलं, संपलं. त्यांनी मला उन्हात धरलं, बाहीने एक डाग पुसला आणि दुकानात घेऊन गेले.

सध्या मी दोन गाद्यांच्या मध्ये असते. गिऱ्हाईक आलं की थोरले सांगतात, खाली काच आहे, वर झोपून बघा, तडा गेला तर गादी फुकट. ते स्वतः झोपतात तेव्हा आधी कोपर टेकवतात, मग हळूच पाठ. बावीस वर्षांचा हात आहे त्यांचा. पण गिऱ्हाईक? धबाककन बसतं.

तुमच्या ऑफिसात कोणतंही टूल घ्या, माझं काही म्हणणं नाही. घेण्याआधी ते एखाद्या रुसलेल्या माणसाच्या हातात देऊन बघा, एवढंच. आणि कधी गादी घ्यायला आलात, तर बसायच्या आधी थोरल्यांना विचारा, कसं बसायचं. ते दाखवतील.