डावी फळी

गाणारी बाई वीतभर उजवीकडे उभी होती आणि मिस्त्रींना ते अजिबात खपत नव्हतं.

खरी बाई नव्हे, तिचा आवाज. मागच्या खोलीत, म्हणजे मिस्त्रींच्या घरगुती कारखान्यात, दोन उंच फळ्या भिंतीपासून सव्वा मीटर पुढे ओढून उभ्या केल्या होत्या आणि त्यांच्यासमोर ऐकायची खुर्ची ठेवली होती. स्पीकर नीट जमले की त्या खुर्चीत बसल्यावर गाणारा माणूस दोन फळ्यांच्या ऐन मधोमध, जिथे काहीच नाही तिथे, उभा असल्यासारखा ऐकू येतो. मिस्त्रींची बाई मात्र गेले पंधरा दिवस उजव्या फळीला खेटून गात होती. डावी फळीही वाजत होती, पण मनातून नाही.

मिस्त्री बिनखोक्याचे स्पीकर बनवत. जाड प्लायवूडची एक फळी, तिला राउटर नावाच्या लाकूड कोरायच्या मशीनने पाडलेली दोन गोल भोकं, एकात मोठा वूफर, दुसऱ्यात छोटा स्पीकर, आणि मागची बाजू सताड उघडी. खोका नसल्यामुळे आवाज जेवढा पुढे येतो जवळजवळ तेवढाच मागेही जातो. तुम्ही पाठीमागे जाऊन बसलात तरी गाणं तेच, असं ते गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत. शेजारचा शिंपी दर वेळी विचारायचा, ‘मिस्त्री, उरलेला स्पीकर कधी बनवणार?’ आणि मिस्त्री दर वेळी नव्याने रागवायचे.

रागाच्या जोडीला संशयही होताच. फर्निचरच्या कारखान्यात एकतीस वर्षं रंधायच्या मशीनवर काढली की लाकडाची खात्री देता येते, माणसांची नाही, असं त्यांचं म्हणणं. प्लायवूड आणायला ते स्वतःची टेप घेऊन जात, कारण दुकानाच्या टेपवर त्यांचा भरवसा नव्हता. फळीच्या कडेचे थर ते भिंग लावून मोजत. त्यांना लांबून येताना पाहिलं की दुकानदाराला आत गोदामात काहीतरी काम आठवे.

तेव्हा आवाज सरकल्याबरोबर मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली ती थेट मेहुण्याच्या नावाने.

मेहुणा म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. दोन गल्ल्या सोडून त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. फळ्या मिस्त्री बनवत आणि कॉइल मेहुणा गुंडाळत असे. कॉइल म्हणजे तांब्याच्या तारेचं मुठीएवढं वेटोळं. जाड आवाज वूफरकडे पाठवायचं काम त्याचं. सहा वर्षांत एकाचं लाकूड आणि दुसऱ्याची तार मिळून अकरा जोड्या या घरातून बाहेर पडल्या होत्या. ही बारावी जोडी गाणं शिकवणाऱ्या एका बाईंसाठी होती आणि रविवारी सकाळी त्या ती न्यायला येणार होत्या.

या बाई मधे एकदा काम बघायला येऊन खुर्चीत बसून गेल्या होत्या. आवाज अगदी मधोमध आहे, असं त्या म्हणाल्या. मेहुणाही तेच म्हणाला. बाईंचा जुना रेडिओ मेहुण्यानेच दुरुस्त करून दिला होता, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. त्यांनी लगेच हिशेब मांडला: दोघांचं आधीच ठरलेलं दिसतंय. काय ठरलंय आणि त्यात बाईंचा काय फायदा, हे मात्र त्यांना सांगता आलं नसतं. पण संशयाला एवढी बारीक चौकशी कधीच लागत नाही.

मग त्यांनी मेहुण्याला बोलावून घेतलं आणि तोंडावर विचारलं.

“डाव्या कॉइलला जुनी तार वापरलीस. मधे जोड दिलायस.”

मेहुणा शांतपणे म्हणाला, “भाऊजी, फळ्यांची अदलाबदल करून बघा. दोष माझ्या तारेत असेल तर तो तारेबरोबर उजवीकडे जाईल.”

सल्ला अगदी योग्य होता, आणि म्हणूनच मिस्त्रींना झोंबला. मला शिकवू नकोस, असं म्हणत त्यांनी डाव्या फळीचं कॉइल सोडवलं, त्याची बांधणी कापली आणि सगळी तार मेहुण्यादेखत जमिनीवर उलगडली. चिमटीतून ओढत ओढत पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत तपासली. जोड नव्हता. तार एकसंध होती आणि नवीकोरी होती. उलगडलेल्या तारेचा गुंता दोघांच्या मधे पडला होता. मेहुण्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, दारात उभ्या असलेल्या बहिणीकडे बघितलं आणि तोंड मिटलं. टेबलावरचं आपलं सोल्डरिंग आयर्न उचलून, त्याची वायर हाताभोवती गुंडाळत तो निघून गेला. त्यानंतर तो आला नाही.

मिस्त्रींच्या लक्षात राहिली ती बहीणभावांची ती नजर. कुठेतरी पाणी मुरत होतं, याबद्दल आता त्यांची खात्रीच पटली.

तसं बघायला गेलं तर घरात कितीतरी महिन्यांपासून काहीबाही चाललं होतं. बायको जेवणाच्या टेबलाशी इतकी वर्षं त्यांच्या डाव्या हाताला बसायची, ती एक दिवस उठून उजव्या हाताला बसू लागली. कारण विचारलं तर म्हणाली, खिडकीतला उजेड डोळ्यांवर येतो. संध्याकाळी फिरायला गेलं की ही त्यांना वळसा घालून पलीकडून चालायची. दारावरची चांगली चालू असलेली बेल मेहुण्याने काढली आणि मुडदे उठतील अशी नवी बसवली. आणि दोघं बहीणभाऊ स्वयंपाकघरात बोलत असले की आवाज इतका खाली, की मिस्त्रींना त्यातलं अक्षर कळू नये. आपल्याच घरात आपल्याविरुद्ध खलबतं चाललीत, हे त्यांना दिसत होतं. ती कशासाठी, एवढंच कळत नव्हतं.

कॉइल त्यांनी स्वतः पुन्हा गुंडाळलं. मेहुण्याचे वेढे छापल्यासारखे असत, यांचं वेटोळं बटाट्यासारखं झालं. तरी ते बसवलं, वाजवलं. बाई उजवीकडेच.

शनिवार उजाडला, दुपार झाली. उद्या गाण्याच्या बाई येणार. तिरका आवाज त्यांच्या हवाली करायचा म्हणजे अकरा जोड्यांचं नाव धुळीला मिळवायचं. आणि नाही म्हणायचं, तर दोष कुठे आहे ते सांगता यायला हवं. शेवटी खोलीचं दार लावून, कुणी बघत नाही याची खात्री करून, त्यांनी मेहुण्याने सांगितलं होतं तेच केलं. डावी फळी उजवीकडे नेली, उजवी डावीकडे आणली, खडूच्या खुणांवर नेमकी उभी केली आणि खुर्चीत बसले.

बाई उजवीकडेच होती. म्हणजे आता ती त्या बटाट्यासारख्या कॉइलच्या बाजूने गात होती, आणि ठणठणीत गात होती.

म्हणजे मेहुण्याची तार निर्दोष सुटली. मिस्त्रींना हे कबूल करणं जड गेलं, म्हणून त्यांनी लगेच अँप्लिफायरला धरलं. तोही मेहुण्यानेच दुरुस्त केलेला होता. मागच्या वायरी काढून डावीची उजवीला, उजवीची डावीला लावली. बाई जागची हलली नाही.

आता उरली खोली. मिस्त्रींनी डोळ्यांत तेल घालून चारी भिंती न्याहाळल्या आणि त्यांना सापडलं. फळ्यांच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, बायकोने जुन्या गाद्यांची चळत रचून ठेवली होती. गाद्या आवाज गिळतात, हे शेंबड्या पोरालाही कळेल. नेमक्या डाव्याच कोपऱ्यात, नेमक्या याच वर्षी! मिस्त्रींना रागही आला आणि हायसंही वाटलं. गाणं तसंच चालू ठेवून ते फळ्यांच्या मागे गेले, गाद्यांना हात घातला, त्या ओढायला वळले आणि तिथेच थांबले.

आता त्यांची पाठ भिंतीकडे होती आणि तोंड खुर्चीकडे. फळ्या समोर होत्या, पण मागच्या बाजूने, वूफरचे लोखंडी सांगाडे त्यांच्याकडे करून. गाद्यांचा कोपरा, जो मघाशी डाव्या हाताला होता, तो आता उजव्या हाताला आला होता. दोष गाद्यांचा असेल तर बाई आता त्यांच्या डावीकडे जायला हवी होती. दोष कुणाचाही असता, तरी ती डावीकडेच जायला हवी होती.

बाई उजवीकडे गात होती.

मिस्त्रींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बाई फिरून उजवीकडे आली. ते जागच्या जागी सावकाश गोल फिरले. सगळी खोली फिरली, खिडकी, दार, खुर्ची, फळ्या. बाई मात्र त्यांच्या उजव्या खांद्याशी चिकटून राहिली. एकतीस वर्षांत ते एक गोष्ट शिकले होते: सगळं बदलून बघितलं आणि दोष तसाच राहिला, तर जे बदललं नाही त्याच्यात तो असतो. त्यांनी उजव्या कानात बोट घातलं.

गाणं गेलं. कुणीतरी शेजारच्या घरात दार लावून गात असावं, एवढंच काहीतरी उरलं.

मिस्त्री गाद्यांच्या चळतीवर बसले. त्यांना भीती वाटली. भीती वाटली हे मान्य करायलाही त्यांना वेळ लागला. कारखान्यातलं रंधायचं मशीन त्यांच्या डाव्या हाताला होतं. एकतीस वर्षं ते डाव्या कानाशी किंचाळत होतं, आणि कानात कापूस घालणाऱ्यांना मिस्त्री हसत असत. मग एकामागून एक सगळं समोर आलं. टेबलाशी बदललेली जागा. फिरायला जाताना घातलेला वळसा. मुडदे उठवणारी बेल. स्वयंपाकघरातली खलबतं, जी कदाचित चारचौघांसारख्याच आवाजात होत असतील.

दार उघडून बायको आत आली. तेच गाणं चारचारदा का वाजतंय ते बघायला आली असेल. गाद्यांवर बसलेल्या नवऱ्याकडे तिने बघितलं आणि वळसा घालून त्यांच्या उजवीकडे येऊन उभी राहिली.

“कधीपासून?” मिस्त्रींनी विचारलं.

काय कधीपासून, असं तिने विचारलं नाही. “मागच्या वर्षीपासून. दूध उतू जात होतं तेव्हा डावीकडून तीन हाका मारल्या तुम्हाला. चौथी उजवीकडून मारली, तर म्हणालात, ओरडतेस कशाला.”

“मग सांगायचं नाहीस?”

“खरं वाटलं असतं तुम्हाला?”

मिस्त्रींनी प्रामाणिकपणे विचार केला. नसतं वाटलं. डॉक्टरही मेहुण्याच्या ओळखीचा निघाला असता.

बायको खाली बघत म्हणाली, “आणि मला धीरच झाला नाही. नोकरी सुटल्यावर तुम्ही या खोलीत येऊन बसलात, तेव्हा पहिल्यांदा तुम्हाला स्वस्थ बसलेलं बघितलं मी. ते मी कोणत्या तोंडाने काढून घेऊ?”

“त्यालाही माहीत होतं?”

“मीच शपथ घातली होती. त्या दिवशी तुम्ही तार उलगडत होतात ना, तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. बोलू का म्हणून विचारत होता. मी मान हलवून नको म्हटलं.”

मिस्त्रींना लाज वाटली, अशी की डोकं वर करवेना. ‘भाऊजी, कान दाखवून घ्या’ एवढे चार शब्द मेहुण्याने त्या दिवशी उच्चारले असते, तर तो तिथल्या तिथे सुटला असता. ते न उच्चारता तो आपलीच तार चोरासारखी तपासून घेत उभा राहिला, आणि आपलं सोल्डरिंग आयर्न उचलून निघून गेला.

त्यांनी उठून गाणं बंद केलं. फळीमागचं ते बटाट्यासारखं कॉइल सोडवलं, खिशात घातलं आणि चप्पल पायात सरकवली. बायको दारापर्यंत आली. काय सांगणार आहात त्याला, असं तिने विचारलं. माहीत नाही, म्हणाले.

मेहुणा दुकानात दिव्याखाली एक रेडिओ उघडून बसला होता. मिस्त्री आत शिरले तरी त्याने मान वर केली नाही, पण हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. मिस्त्रींनी खिशातून कॉइल काढून त्याच्या टेबलावर ठेवलं.

“तार चांगली होती,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“परत गुंडाळून दे. आणि उद्या सकाळी बाई यायच्या आधी ये. खुर्चीत तू बस. तू सांगशील तशी मी फळी सरकवीन.”

मेहुण्याने कॉइल उचलून दिव्यासमोर धरलं, सगळीकडून फिरवून बघितलं. एवढं वाकडं वेटोळं त्याच्या दुकानात आजवर आलं नसावं. हसू दाबत तो खाली मान घालून काहीतरी पुटपुटला. तो मिस्त्रींच्या डाव्या हाताला बसला होता. मिस्त्रींना नुसते त्याचे ओठ हललेले दिसले. कालपर्यंत एवढ्यावरून ते आठवडाभर झुरले असते: काय म्हणाला असेल, मुद्दामच हळू बोलला असेल. आजही सवयीने तो विचार मनात आलाच. त्यांनी तो तिथेच सोडला.

“डाव्या कानाने ऐकू येत नाही मला,” मिस्त्री म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. “इकडून बोल.”

मेहुण्याने त्यांच्याकडे बघितलं. मग तो उठला, टेबलाला वळसा घालून त्यांच्या उजवीकडे आला आणि कानाशी वाकून म्हणाला,

“म्हटलं, जरा बाजूला व्हा भाऊजी, उजेड अडतोय.”

मिस्त्री बाजूला झाले.